रंगाऱ्याच्या लेकीची टाकी

एकोणीसशे सत्त्याऐंशी सालची गोष्ट. "वहिनी, तारेपासून लांब हो आधी! आणि बाबांना म्हणावं, जरा गप्प बसा!" माझी नणंद कारखान्याच्या अंगणातून ओरडली.

मामंजी शेजारीच उभे होते. "बहिरा नाही झालो अजून," ते म्हणाले.

आमचा सूत रंगवायचा कारखाना. आज कोणता रंग चालू आहे, हे गल्लीला गटार पाहून कळायचे. त्या दिवशी निळा होता. दुपारी तपासणीचे साहेब येणार होते. पाण्यात रंग दिसला तर कुलूप, असे बजावून गेले होते.

रसायनशास्त्र शिकलेल्या नणंदेने सांडपाण्याच्या टाकीत लोखंडी पत्रे उभे करून त्यांना तारा जोडल्या होत्या. तिने बटण दाबले. पत्र्यांवरून बारीक बुडबुडे उठले आणि निळे पाणी काळपट हिरवे झाले.

"वा! होता तो रंगही घालवलास," मामंजी म्हणाले. "पाण्यात गेलेला रंग कुणाच्या बापाला काढता येत नाही."

"माझ्या बापाला नसेल येत. लोखंड विरघळून रंगाला धरतंय, बाबा. दम धरा."

"दम धरूनच म्हातारा झालो."

एवढ्यात साहेब फाटकातून आत आले. नणंदेचा चेहरा उतरला. तिने वीज बंद केली. आम्ही सगळे टाकीभोवती उभे राहिलो.

मग दूध नासावे तसे ते पाणी फुटले. काही गाळ फेसाबरोबर वर आला, बाकीचा हळूहळू खाली बसू लागला. मधले पाणी निवळत गेले. लग्न होऊन आल्यापासून या टाकीत मी वीतभर खोलचे कधी पाहिले नव्हते. आता आतल्या विटांचे सांधे दिसत होते.

मामंजींनी कोपरापर्यंत हात बुडवला. त्या पाण्यात निळी होती ती फक्त त्यांची नखे.

"गेला कुठे गं?" त्यांनी लहान मुलासारखे विचारले.

"खाली बसलाय, बाबा."

साहेबांनी वाकून टाकीत पाहिले. आणलेले कुलूप पिशवीतच राहिले.

पुढे नणंदेने गावोगावी अशा टाक्या बांधल्या. अजूनही फोनवर मला रागावते. साहेब निवृत्त झाले. कारखाना आता माझी मुलगी चालवते. मामंजी गेले तेव्हाही त्यांची नखे निळीच होती.

त्या टाकीतला झिजून चाळण झालेला पहिला पत्रा त्यांनी आपल्या खिडकीत टांगला होता. ती खोली आता माझी आहे. सकाळी त्याच्या भोकांतून ऊन माझ्या हातावर पडते.