वेशीसमोरचे देखणे खांब

"सर, या खांबांमधून इब्तिहालची चाकांची खुर्ची आत कशी जाणार?"

सर म्हणजे माझेच बाबा. आमच्या सला शहराच्या जुन्या वेशीसमोर ट्रामचं नवं स्थानक झालं. त्याचे नकाशे बाबांचे, म्हणून शाळेने त्यांना बोलायला बोलावलं होतं. "घरात वाघीण असतेस, इथे विचारून दाखव," असं माझ्या वर्गातल्या इब्तिहालने मला डिवचलं, आणि मागच्या बाकावरच्या नुसैबाने तर मी उठणारच नाही अशी पैज लावली. मी उठले. आवाजसुद्धा कापला नाही.

बाबा म्हणाले, खांबांमधलं अंतर नियमाप्रमाणे आहे.

"मी काल जाऊन आले," इब्तिहाल खुर्चीतून म्हणाली. "म्हणजे खांबांपर्यंत. आत नाही."

सगळे हसले. बाबा हसले नाहीत.

मोपेडी अडवायचे हे खांब मोजूनच रोवले होते. पण वेशीसमोर नुसतं लोखंड शोभेना, म्हणून बाबांनी त्यावर झलीज चढवली, रंगीत तुकड्यांची नक्षी. खाली गिलाव्याचा थर. खांब जाड झाले, वाट आवळली, आणि पुन्हा मोजायचं कुणाला सुचलं नाही. नक्षी इतकी सुंदर आहे की मलाही सुचलं नाही. त्यातला निळा तर मीच निवडलेला.

रखवालदार तिला उचलून आत नेईल, असं बाबा म्हणाले. "मी काय पिठाचं पोतं आहे?" असं इब्तिहाल पुटपुटली, पण तिचा चेहरा उतरला. तिला शाळेत सोडणाऱ्या भावाला आता पहाटे कामावर जावं लागतं. ट्रामने एकटीला येता आलं नाही, तर घरचे तिची शाळा बंद करणार आहेत.

दुपारी घरी शुक्रवारचा कुसकुस, वाफवलेला रवा, सगळ्यांच्या एकाच मोठ्या ताटात समोर होता. बाबा ताटातली आपली बाजू नुसती उकरत होते. एक खांब काढा, मी म्हटलं.

"आणि मोपेडी फलाटावर चढल्या की? पलीकडच्या स्थानकात मोपेडच्या धडकेने एका म्हाताऱ्याचा पाय मोडला, तो मी पाहिलाय, गिझलान."

मग नक्षी तरी फोडा. बाबांनी नकारार्थी मान हलवली. मंगळवारी उद्घाटन, मोठे पाहुणे, फुटके खांब कसे दाखवणार? नंतर बघू, म्हणाले. आई मला हळूच म्हणाली, बाबांची नोकरी आहे ती, पोरी, जास्त ताणू नकोस. तू आपली स्वागताच्या भाषणाची तयारी कर.

उद्घाटनाचं ते भाषण शाळेने मला दिलंय. बाबांकडे बघितलं, तर ते आधीच माझ्याकडे बघत होते.

"भाषण मी करणार," मी म्हटलं. "पण खांबांच्या बाहेरून, इब्तिहालच्या शेजारी उभी राहून. ती आत येईपर्यंत मीही आत येणार नाही."