रांगेतले शेवटचे दळण

मित्रांनो, मी एक जुनी पिठाची चक्की आहे. जुनी म्हणजे मोडकी नव्हे, हे आधीच ऐकून घ्या.

दोन जाड दगड, एक पट्टा आणि वर पत्र्याचे नरसाळे, एवढा माझा संसार. मला या गल्लीत आणले तेव्हा समोर काचेच्या बाटल्यांचा कारखाना होता आणि आजूबाजूला कामगारांची बिऱ्हाडे. माझ्या घरघरीत बायका ओरडून बोलत, त्यामुळे कुणाच्या घरातली कुठलीच गोष्ट गुपित राहत नसे. मला चालवणारे काका वारले, तेव्हा महिन्याभरात काकू माझ्यासमोर उभ्या राहिल्या. गुळगुळीत झालेल्या दगडांना छिन्नीने टाकी लावायलाही त्या स्वतःच शिकल्या.

मग कारखाना बंद पडला. बिऱ्हाडे एकेक करून हलली. त्या जागी उंच इमारती उठल्या आणि तिथली माणसे तयार पीठ विकत आणू लागली. मी आठवड्यातून दोनदाच फिरू लागले. मला रडू यायचे, पण चक्कीला रडून कसे चालेल? पीठ ओले होईल ना!

पण उंच इमारती झाडायला, रंगवायला, राखायला माणसे लागतातच. ती लांबलांबून आली आणि उरलेल्या जुन्या खोल्यांत दाटीवाटीने राहू लागली. एके दिवशी एक गवंडीण मक्याचा डबा घेऊन आली. तिच्यामागे गव्हाचा डबा घेऊन उभ्या होत्या गल्लीतल्या सर्वांत जुन्या रहिवासी, मास्तरीणबाई. त्यांनी लगेच नाक मुरडले.

"आधी माझे गहू घ्या. तिच्या मक्यानंतर दळलंत तर माझ्या पिठात मका येईल."

"येऊ दे की मूठभर," काकू म्हणाल्या. "ती आधी आलीय. पोट दुखलं तर या माझ्याशी भांडायला."

मास्तरीणबाई भांडायला आल्या नाहीत. पुढच्या वेळी त्या मुद्दाम मक्यामागे उभ्या राहिल्या.

आणि मग जागेच्या नव्या मालकाचा मॅनेजर आला. इथे व्यायामशाळा होणार, चक्की भंगारात जाणार, असे सांगून गेला. माझ्यावाचून काकूंना दुसरा आधार नव्हता.

शनिवारी सकाळी टेम्पो दारात लागला. आत सहा-सात डबे रांगेत होते. आमच्याकडे रांगेत माणूस नाही, त्याचा डबा उभा असतो, आणि लावलेला प्रत्येक डबा दळून झाल्याशिवाय चक्की थांबत नाही.

"बरं, एवढी रांग संपू द्या. मग उचलू," मॅनेजर सगळ्यांसमोर म्हणाला.

चुकला बिचारा! मास्तरीणबाईंनी गवंडिणीकडे पाहिले आणि दोघी लगबगीने बाहेर पडल्या. अर्ध्या तासात डब्यांची रांग दाराबाहेर गेली, दुपारी गल्लीच्या कोपऱ्यापर्यंत. उंच इमारतींतल्या स्वयंपाकिणी आल्या, रखवालदार आला, एक मालकीणबाईसुद्धा आयुष्यात पहिल्यांदा डबा घेऊन खाली उतरल्या.

"अहो, हे संपणार कधी?" मॅनेजर हैराण झाला.

"डबा लावा. नंबर आला की कळेल," मास्तरीणबाई म्हणाल्या.

टेम्पो रिकामा गेला. आज अकरावा दिवस. मॅनेजर रोज येतो, रांग बघतो आणि परत जातो. उद्या तो कागद आणील, पोलीसही आणील. आणू दे!

मित्रांनो, जुन्या वस्तू जपा, असे सांगायची आम्हा म्हाताऱ्यांची रीत आहे. मी नाही सांगणार. मला झाडूनपुसून कोपऱ्यात ठेवू नका. घरात चार दाणे असतील तर घेऊन या आणि रांगेत लावा. आता जरा मागे सरका. काकूंनी पट्टा चढवला आहे, आणि तुमच्या अंगावर पीठ उडणार आहे.