श्वासाची पट्टी

मिस्त्रीला सगळे मिस्त्रीच म्हणत. बायकोसुद्धा चारचौघांत "आमचे मिस्त्री" म्हणे आणि घरात "अहो". त्याचा धंदा असा होता, की तो सांगितला की पाहुणे आधी हसत आणि मग म्हणत, "पुन्हा सांगा बरं." तो टेपचे बाजे दुरुस्त करायचा.

टेपचा बाजा दिसायला पेटीसारखाच, पण कपाटाएवढा. पुढे काळ्या-पांढऱ्या पट्ट्या, पण आत भाता नाही की तारा नाहीत. प्रत्येक पट्टीखाली टेपची एक फीत असते आणि त्या फितीवर कुणीतरी फार पूर्वी व्हायोलिनचा एकच सूर वाजवून ठेवलेला असतो. पट्टी दाबली की फीत हेडवरून, म्हणजे फितीवरचा आवाज उचलणाऱ्या लोखंडी तुकड्यावरून, सरकते आणि तो माणूस वाजवू लागतो. फक्त आठ सेकंद. मग फीत संपते आणि माणूस गप्प होतो. बोट उचललं की स्प्रिंग फितीला सटकन मागे ओढते, आणि गडी पुन्हा पहिल्यापासून वाजवायला तयार.

अशा बाज्याची निगा म्हणजे तान्ह्या पोराची निगा. फितींची तपकिरी भुकटी हेडवर बसते, ती स्पिरिटच्या कापसानं पुसावी लागते. फितीला हेडवर दाबून धरणाऱ्या नमद्याच्या, दाबलेल्या लोकरीच्या, बारक्या गाद्या चपट्या होतात, त्या बदलाव्या लागतात. आणि सगळ्यांत शेवटचं, सगळ्यांत नाजूक काम म्हणजे हेडची मान सरळ करणं. हेड केसभर जरी कललं तरी आवाजातलं वरचं पाणी जातं, सूर मुका मुका वाटतो. एक बारीक स्क्रू फिरवत, ऐकत, पुन्हा फिरवत ती मान सरळ आणायची आणि स्क्रू हलू नये म्हणून त्याच्यावर लाल रंगाचा ठिपका द्यायचा. ह्या कामाला मिस्त्रीनं कधी यंत्र वापरलं नाही. "माझा कान आहे ना," म्हणायचा. ह्या कानाचा त्याला भारी तोरा होता.

वरच्या टोकाला एक पट्टी होती, तिला तो श्वासाची पट्टी म्हणायचा. तो व्हायोलिनवाला बाकी सगळीकडे शहाण्यासारखा गपचूप वाजवतो, पण ह्या एका सुराच्या आधी त्यानं श्वास घेतला आणि तो टेपवर उतरला. सगळ्या बाज्यांच्या फिती एकाच मूळ टेपवरून काढलेल्या, म्हणून प्रत्येक बाज्यात तो श्वास असतोच. नवं गिऱ्हाईक आलं की मिस्त्री ती पट्टी दाबायचा आणि बोट वर करून म्हणायचा, "ऐकलंत? आत माणूस आहे."

दुकान घराच्या पुढच्याच खोलीत होतं. बायको खिडकीशी बसून नमद्याच्या गाद्या कापायची, एकसारख्या, मोजपट्टी न लावता. एका सकाळी लेकीचा फोन आला, जिन्यावरून पडली, पाय मोडला, घरात दोन लहान पोरं. बायकोनं पिशवी भरली आणि निघताना दारातच थबकली. खोलीच्या मधोमध उंटाचा बाजा उघडा पडला होता.

उंट म्हणजे एक वादक. मान लांब, चाल डुलती, आणि पाठीवर सदा काहीतरी ओझं, म्हणून उंट. त्याला त्या नावाचं काही वाटत नसे.

"उंटाचा बाजा मी आल्यावरच द्या हं," बायको म्हणाली.

"का? तुझी सही लागते का त्याच्यावर?"

"तसं नाही हो. आले की पुसून-बिसून देऊ."

"पुसता मलाही येतं. तू लेकीचा पाय बघ."

"बरं. पण घाई करू नका."

"अगं, जा बाई! बस निघून जाईल."

ती गेली, पण जाताना त्या बाज्याकडे तिनं असं पाहिलं, जसं आई पोराला शेजाऱ्यांकडे ठेवून जाताना पाहते. मिस्त्रीला गंमत वाटली.

त्यानं नेहमीसारखं काम उरकलं. हेडं पुसली, गाद्या लावल्या, माना सरळ केल्या, लाल ठिपके दिले. उंट येऊन बाजा घेऊन गेला, आणि दोन दिवसांत तोच बाजा हातगाडीवर घालून परत आला.

"मिस्त्री, रागावू नका," तो म्हणाला, "पण व्हायोलिन रजई पांघरून बसलंय."

"स्पीकर तपास तुझा."

"तपासला."

"मग कान तपास."

उंट हसला, पण हसणं ओठांवरच राहिलं. "शनिवारी कार्यक्रम आहे हो. आजवर तुमच्याकडून आलेला बाजा नव्या नवरीसारखा वाजलाय. ह्या वेळी काय झालं कळत नाही. तो श्वाससुद्धा येत नाही."

"श्वास येत नाही? काय वाटेल ते बोलतोस. लाव इथे."

बाजा लावला. मिस्त्री मागची फळी काढून निम्मा आत शिरला. उंटानं दोन-चार सूर वाजवले. मिस्त्रीला त्यात काही उणं दिसेना. भरदार, गोड आवाज.

"आता श्वासाची दाब."

उंटानं दाबली.

"हा काय, घेतला की!"

"नाही हो मिस्त्री."

"पुन्हा दाब."

ह्या खेपेला मिस्त्री उभा राहिला आणि झाकणावरून बघू लागला. उंटाचं बोट पट्टीच्या वर, हवेत होतं. बाही खाली घसरत होती, ती तो दुसऱ्या हातानं वर सारत होता. आणि मिस्त्रीला श्वास ऐकू आला. अगदी स्वच्छ, नेहमीसारखा. मग उंटाचं बोट खाली आलं आणि सूर सुरू झाला.

बोट लागायच्या आधीच त्यानं श्वास ऐकला होता. म्हणजे तो बाज्यात नव्हता. तो त्याच्या स्वतःच्या डोक्यातच होता, वर्षानुवर्षांच्या सवयीनं आपोआप वाजत होता.

"ठेवून जा," तो म्हणाला.

"शनिवारपर्यंत होईल ना?"

"ठेवून जा म्हटलं ना."

उंट गेला. मिस्त्री स्टुलावर बसून राहिला. कान गेला असेल तर आजच का गेला? आजवर कुणी तक्रार केली नाही ती का? कोपऱ्यात नाटक कंपनीचा एक बाजा उभा होता. गेल्या वर्षी त्यानंच दुरुस्त करून दिलेला. आता फक्त पट्टा बदलायला आला होता. दुकानातून गेल्यापासून त्याच्या आत कुणी हात घातलेला नव्हता. मिस्त्रीनं त्याची फळी काढली, दिवा जवळ धरला आणि हेडच्या स्क्रूवरून अंगठा फिरवला.

ठिपका जाड लागला.

त्यानं नखानं खरवडला. वरचा थर चकचकीत निघाला. खाली त्याचा स्वतःचा लाल रंग होता, मंद, मधोमध तडकलेला. पुढचा स्क्रू तसाच. त्याच्या पुढचाही तसाच. कुणीतरी त्याचे ठिपके फोडून स्क्रू फिरवले होते आणि वरून दुसरा लाल लावला होता.

तो उठला, खिडकीशी गेला आणि बायकोचा शिवणाचा डबा उघडला. दोऱ्यांच्या रिळांखाली नखांना लावायच्या लाल रंगाची बाटली होती आणि मुठीला चिंधी गुंडाळलेला एक छोटा स्क्रूड्रायव्हर.

आता त्याला एकेक आठवायला लागलं. बाजा तयार झाला की ती म्हणायची, "अहो, दमलात, जा, कोपऱ्यावर चहा घेऊन या. तोवर मी आवरते." आणि हा राजासारखा डुलत चहाला जायचा. परत आला की बाजा पुसलेला, झाकलेला असायचा. बायकोला आपली किती काळजी, असं वाटून त्याला बरं वाटायचं.

आधी त्याच्या अंगाचा तिळपापड झाला. माझ्या घरात, माझ्या पाठीमागे! मग राग कुठच्या कुठे गेला आणि नुसती लाज उरली. ती जास्त वाईट होती. रागात माणूस निदान फेऱ्या तरी मारतो.

संध्याकाळी त्यानं फोन लावला.

"पाय कसा आहे?"

"बरा आहे. जावई कपडे वाळत घालायला शिकलेत. पोरांच्या चड्ड्या उलट्या, पण वाळतात. तुमचा आवाज असा का येतोय?"

"कसा?"

ते सोडून तिनं विचारलं, "उंटाचा बाजा परत आला का?"

मिस्त्रीनं फोन दुसऱ्या कानाला लावला.

"उद्या येते. शेजारीण येईल म्हणालीय चार दिवस," असं म्हणून तिनं फोन ठेवला.

ती आली तेव्हा ती बाटली बाज्याच्या झाकणावर मधोमध ठेवलेली होती. तिनं ती पाहिली आणि पिशवी खाली ठेवली.

"ही कुणाची?" मिस्त्रीनं विचारलं.

"लेकीची. लग्नाआधीची. वाळली नव्हती म्हणून टाकली नाही."

"मला वाटलं, तुलाच ह्या वयात हौस आली."

"हौस करायला हात रिकामे असतात का माझे?"



"कधीपासून?" त्यानं विचारलं.

"रातकिडे गेले म्हणालात, तेव्हापासून."

त्याला आठवलं. मागच्या पायरीवर दोघं बसली होती. वस्ती वाढली, रातकिडेसुद्धा पळाले, असं तो म्हणाला होता आणि त्यावर त्यानं लांबलचक भाषणही दिलं होतं.

"ते कुठे गेले नव्हते हो," ती म्हणाली. "नुसती किरकिर चालली होती चारी बाजूंनी. मी तुमच्या तोंडाकडे बघत राहिले. दुसऱ्या दिवशी तुम्ही केलेला बाजा वाजवून पाहिला, आणि..."

"मला सांगायचं नाही?"

"सांगितलं असतं तर काय केलं असतंत? दुकानाला कुलूप. आणि मग दिवसभर माझ्या मागे मागे, भांडी कशी लावायची ते शिकवत."

"म्हणून माझ्या पाठीमागे करायचं?"

"पुढे करू दिलं असतंत?"

त्यानं नाटक कंपनीच्या बाज्याकडे बोट केलं. "आणि ते स्क्रू काय केलेस! सगळ्यांची डोकी खाल्लीस. उंदरानं कुरतडल्यासारखी दिसतात."

"मग! मला कुणी शिकवलं होतं? तुमचा एक चहा होईतो सगळं उरकायचं. एक कान बाज्याला, एक कान दाराला. हात नुसते लटलट कापायचे."

मिस्त्रीनं तिच्याकडे पाहिलं. इतकी वर्षं ती ह्या खोलीत खिडकीशी बसत होती, आणि तिचे लटलटणारे हात त्याच्या डोळ्यांपुढे आज पहिल्यांदा आले. तो चहा त्याला आता कडू आठवला.

"उंटाला सांगतो, दुसरीकडे ने," तो म्हणाला. "आणि कुलूपच लावतो. झालं तेवढं पुष्कळ झालं."

"लावा. पण शनिवार उद्यावर आलाय. त्याचा बाजा दुसरं कोण करणार?"

"मग तू कर. तुला येतंच आहे."

"तुम्ही आत्ताच म्हणालात, डोकी खाते मी."

मिस्त्रीनं पट्ट्यांपुढचं स्टूल ओढलं. त्या स्टुलावर त्याच्याशिवाय कुणी बसायचं नाही, असा नियम होता. लेक लहानपणी बसली होती तेव्हा ओरडा खाऊन उठली होती. त्यानं ते आपल्या बाहीनं पुसलं.

"बस," तो म्हणाला आणि बारीक स्क्रूड्रायव्हर घेऊन बाज्याच्या मागे गेला.

सुरुवातीला जमेना. ती "जरा इकडे" म्हणायची आणि तो "इकडे म्हणजे कुठे" म्हणून खेकसायचा. ती "उजळलं, उजळलं... गेलं" म्हणायची, तोवर ह्याचा हात पुढे गेलेला असायचा. मग त्यानं सांगितलं, बोलू नकोस, उजळायला लागलं की पायानं फळीला टक् कर, संपलं की पुन्हा टक्. तेवढं पुरलं. लाकडातून आलेली टकटक त्याला हातापर्यंत पोचायची, आणि त्या हाताला स्क्रू किती फिरवायचा ते सांगावं लागत नव्हतं. दोन टकटकींच्या मधोमध तो हेड असं आणून ठेवायचा, की त्यात मुंगी शिरली नसती.

निम्म्या पट्ट्या झाल्या असतील, तेवढ्यात दारात उंट आला.

"काकू, तुम्ही? आणि मिस्त्री कुठे..."

बायको चपापून उठायला लागली. फळीच्या मागून आवाज आला, "बसून राहा गं. आणि उंटा, बोलू नकोस. काकूंना ऐकू दे."

उंट तसाच उभा राहिला. मिस्त्री बाहेर आला, पाठ सरळ केली, आणि ज्याच्यासाठी अख्खी रात्र कूस बदलत काढली होती ते दोन दमांत सांगून टाकलं. "माझा कान उतरलाय. वरचं काही येत नाही. मागचे बाजे हिनंच सुधारले होते, तू रजईवाला नेलास तो माझा एकट्याचा. आता हिचा कान आणि माझा हात. पटत असेल तर थांब, नाहीतर गाडी आण."

उंटानं त्याच्याकडे पाहिलं, मग काकूंकडे. लांब मान खाली घातली. "मला काय हो मिस्त्री, बसवाल तिथे बसेन," म्हणाला आणि नमद्याच्या गठ्ठ्यावर गुडघे छातीशी घेऊन बसला.

पुन्हा टकटक सुरू झाली. उन्हं भिंतीवरून खाली उतरली. शेवटी वरच्या टोकाच्या पट्ट्या आल्या. मिस्त्रीनं स्क्रू फिरवला, थोडा मागे घेतला आणि थांबला. लाल रंगाचा डबा उघडलेला होता, पण त्यानं हात लांब करून झाकणावरची बाटली घेतली. "हीच बरी. तडकत नाही," असं पुटपुटत ठिपका दिला.

मग तो पुढे येऊन बायकोशेजारी उभा राहिला आणि तळवा लाकडावर ठेवला. आता त्यानं मनाला बजावलं, आधीच वाजवायचं नाही.

तिनं श्वासाची पट्टी दाबली. त्याला आधी काहीच आलं नाही, नुसती मोटरची थरथर हाताला लागली. मग सूर आला.

"घेतला का?" त्यानं विचारलं.

"घेतला," ती म्हणाली. "अगदी पोटातून. आणि सुराच्या आधी गजाचे घोड्याचे केस तारेवर टेकतात ना, ते पण."

"ते पण?" मिस्त्री म्हणाला. ते तर तो विसरूनच गेला होता. "पुन्हा दाब," तो म्हणाला, "आणि कसा घेतो ते नीट सांग."