भागवतकाकांची पुडी

मित्रांनो, मी एक जुनी शर्यतीची सायकल आहे. जुनी म्हटलं म्हणून तोंड वाकडं करू नका. चढावर आजही भल्याभल्या नव्या सायकलींना मी घाम फोडते!

कारखान्यात माझा नुसता सांगाडा तयार झाला. जीव आला तो उंद्री गावच्या मंजुश्रीमुळे. सुरुवातीला आम्ही दोघी शेवटून पहिल्या. मग प्रशिक्षक सिंधूताईंनी माझी सीट तिच्या मापाची केली, हलके टायर बसवले, तिच्या खाण्याझोपण्याला शिस्त लावली. वेग वाढला तो असा. पण लोकांची तोंडं कोण धरणार? "पोरगी कायतरी घेऊन राह्यली," असं पारावर बोलू लागले. मला भारी संताप यायचा. औषधं घेऊन पदकं लाटणाऱ्यांमुळे आता जोरात धावणाऱ्या प्रत्येकावर संशय येतो.

लोणारला राज्य संघाची निवड होती. पहिल्या दोघींनाच जागा मिळणार होती. मंजुश्रीची पाण्याची बाटली भरायचं काम शेजारच्या भागवतकाकांचं. ते शंकरपटाचे, म्हणजे बैलांच्या शर्यतीचे शौकीन. शर्यत सुरू होता होता ते हळूच म्हणाले, "बाटलीत माह्या बैलाची पुडी टाकली हाय. पटात हेच देतो मी. आज तू उडशीन पोरी!"

अरे देवा! माणूस प्रेमळ, पण काम पाहा!

"काका, तपासणीत सापडलं तं मी कायमची बाद होईन," मंजुश्री म्हणाली आणि तिनं बाटली रस्त्यावर रिकामी केली. दुसरं पाणी आणायला वेळच नव्हता.

ऊन रणरणत होतं. तिचे ओठ सुकले. पण पायडलवर खोटा जोर मला लगेच कळतो, आणि हा जोर अस्सल होता. शेवटच्या चढावर आम्ही दुसऱ्या नंबरावरच्या मुलीला मागं टाकलं. दुसऱ्या आलो!

लगेच तपासणीचं बोलावणं आलं. काका रडवेले झाले. "काही निघन का वं?"

"निघन ना," मंजुश्री हसली. "सकाळी खाल्लेली तुमच्या घरची भाकर."

मित्रांनो, माझ्या चेनला तेल द्या, टायरमध्ये हवा भरा, मी तुम्हाला कुठंही नेईन. पण मला चालवणाऱ्याला तेवढं साधं पाणीच द्या.