पाऊण तास उशिराचा चमत्कार

सोसायटीच्या सांडपाण्याच्या टाक्यांभोवती एवढी गर्दी कधीच जमली नव्हती. एरवी लोक तिथून नाक दाबून जात. आता चपला काढून, हात जोडून उभे होते. पिवळी शाल पांघरलेले बाबा गेल्या काही दिवसांसारखेच शेवटच्या टाकीच्या कठड्यावर बसून पुटपुटत होते आणि खालचं गढूळ पाणी बघता बघता वर चढत निवळत होतं.

"पाहा! नरकाचं तीर्थ झालं!" बाबा गरजले. "आता तो हवेचा पंप बंद करा. त्याचा गोंगाट देवाला सोसत नाही!"

सोसायटीच्या अध्यक्षांनी लगेच मान डोलावली. विजेचं बिल वाचवणारा देव त्यांना फारच जागृत वाटला. बागेला हेच पाणी घातल्याने हिरवळ करपली होती, पण त्यावरही बाबांकडे उत्तर तयार होतं. "पाप जळतंय!"

मी पक्का नास्तिक, पण घराबाहेर. घरात बायकोचं राज्य. तिने जाहीर करून टाकलं, "उद्याच्या ताज्या तीर्थाने नातीला आंघोळ. पुरळ कसं जात नाही बघते!"

"आई, ते गटाराचं पाणी आहे," सून म्हणाली.

"होतं!" बायको म्हणाली.

अवघी चार महिन्यांची पोर.

सून शाळेत भूगोल शिकवते. ती थेट बाबांपुढे जाऊन उभी राहिली.

"बाबा, उद्या सकाळी दाखवाल का? संध्याकाळी मला वह्या तपासायच्या असतात."

"बाळे, गुरूंचा संकेत येईल तेव्हाच!"

"संकेत रोज पाऊण तास उशिरा येतोय."

"देवाच्या दारी घड्याळ नसतं."

"हं," सून म्हणाली. कॉपी पकडलेली मास्तरीण म्हणते, तसं.

दुसऱ्या दिवशी ओहोटीच्या वेळी ती मला कुंपणामागच्या किनाऱ्यावर घेऊन गेली. आमच्या टाकीचा पाइप तिथे संपतो. त्याच्या तोंडाला लोखंडी झाकण आहे: आतलं पाणी त्याला ढकलून बाहेर पडतं, समुद्र चढला की ते दाबून बंद होतं. त्या झाकणाच्या फटीत वीट खोचलेली होती, पिवळ्या कापडात गुंडाळून. सुनेने ती ओढून काढली.

संध्याकाळी बाबांनी मंत्र म्हटले. मग ओरडून म्हटले. घाम फुटला, पण पाणी होतं तसंच गढूळ.

"इथे कुणीतरी नास्तिक आहे!"

सगळ्यांनी माझ्याकडे पाहिलं. नात कडेवर, वीट हातात घेऊन सून पुढे झाली.

"नास्तिकाचा दोष नाही, बाबा. झाकण लागलंय." मग ती लोकांकडे वळली. "भरतीचं पाणी पाइपातून उलटं टाकीत येत होतं. भरती रोज साधारण पाऊण तास उशिरा येते, म्हणून गुरूंचा संकेतही उशिरा. बाग पापाने नाही, मिठाने करपली. पाणी दिसायला स्वच्छ, पण मैला त्यातच! तो खातात टाकीतले जिवाणू. त्यांना हवा लागते, म्हणून पंप. तो बंद केलात तर ते मरतील आणि आपण आजारी पडू."

लोकांच्या नजरा विटेवरच्या कापडावरून शालीच्या फाटक्या टोकाकडे गेल्या. तेवढ्यात बाबांना पुन्हा संकेत आला. या खेपेला तो जराही उशिरा आला नाही. अध्यक्ष तोंड उघडेपर्यंत बाबा फाटकाबाहेर होते.

बायकोने हातातली रिकामी कळशी पालथी ठेवली. सुनेच्या कडेवरून नातीला घेतलं, तिच्या लालबुंद पाठीवरून हात फिरवला आणि हळूच विचारलं, "डॉक्टर किती वाजता बसतात गं?"

चमत्कार जरूर पाहा, मंडळी. फक्त हात जोडण्याआधी त्याला आपल्या सोयीची वेळ देऊन बघा.