मोकळ्या सायलेन्सरची गाडी

जीवनने मखमलाबादला गाडी चालू केली की नाशकात गंगेवर, म्हणजे गोदेच्या काठी, भाजी विकत बसलेल्या त्याच्या आईला कळतं, असं गावात म्हणत. गावाचं काय, गाव पदरचं घालून बोलतं. पण आवाज होता खरा. जुनी पांढरी मारुती. तिचा सायलेन्सर काढून त्याने सरळ नळी बसवली होती, कारण धूर मोकळा सुटला की इंजिनला दम येतो. वजन घटावं म्हणून मागची सीट काढली, शेजारची काढली, खालची मॅटसुद्धा खरवडून टाकली. गाडी उलटलीच तर डोकं वाचावं म्हणून आत लोखंडी पाइपांचा पिंजरा वेल्ड केला. चार आण्याची कोंबडी आणि बारा आण्याचा मसाला, असं आई म्हणायची. बाप तर काही म्हणायचाही थांबला होता. कोबीच्या जाळ्या पिकअपमध्ये चढवताना तो त्या पांढऱ्या गाडीकडे पाठ करून उभा राही.

दोन हजार तीनच्या हिवाळ्यात दिंडोरीच्या अलीकडे एका माळावर हौशी लोकांची शर्यत होती. मातीचा वळणावळणांचा ट्रॅक, एका वेळी एकच गाडी सोडायची, घड्याळ लावायचं, कमी वेळ ज्याचा तो जिंकला. प्रत्येकाला दोन फेऱ्या. पहिल्या फेरीनंतर लाउडस्पीकरवर जीवनचं नाव सगळ्यांत वर आलं, तेव्हा त्याच्या अंगावर काटा आला होता. आजवर त्याचं नाव कुठेच वर आलं नव्हतं, शाळेतसुद्धा नाही. आता दुसरी फेरी जमली की झालं. हेल्मेट घालून तो रांगेत बसून होता, पुढे फक्त एक गाडी उरली होती.

तेवढ्यात शेजारच्या द्राक्षबागेतून चार माणसं एकाला ताडपत्रीत घालून पळत आली. काळू त्याचं नाव. पेठकडचा, डोंगरातला. हंगामाला बायकोसह बागेवर मजुरीला उतरलेला. सकाळपासून उपाशीपोटी औषध फवारत होता. तोंडाला ना फडकं, ना अंगात कोरडं कापड. आता त्याच्या तोंडातून फेस येत होता आणि हातपाय थडथडत होते. माणसं त्याला घेऊन इकडे आली, कारण माळाच्या कडेला पांढरी शुभ्र ॲम्ब्युलन्स उभी असलेली त्यांनी सकाळपासून पाहिली होती.

"गाड्या पळत असताना ॲम्ब्युलन्स हलवता येत नाही," आयोजकांपैकी एक जण म्हणाला. माणूस वाईट नव्हता. चेहरा पडला होता त्याचा. "नियम आहे. हा गट संपू द्या, लगेच देतो."

मग गाड्या थांबवा, एवढं म्हणायला त्या माळावरच्या शेदोनशे माणसांपैकी एकाचीही जीभ उचलली नाही. आम्ही माणसं अशीच. नियम म्हटला की आमच्या अंगावरचं ओझं उतरतं. जीवनचीही जीभ उचलली नाही. पुढची पाळी त्याची होती.

काळूची बायको आशा रडत नव्हती. तिने त्या आयोजकाचं ऐकून घेतलं, इकडेतिकडे पाहिलं आणि सगळ्यांत जवळच्या गाडीच्या खिडकीशी आली.

"दादा, तुमची गाडी चालू हाय. न्या की."

जीवनने एकदा ट्रॅककडे पाहिलं, एकदा तिच्याकडे. आणि हे मात्र त्याच्या बाजूने सांगायलाच हवं, की त्याने गाडी रांगेतून बाहेर काढली. त्याचा मित्र ओम धावत आला. "अरे, पुढचा नंबर तुझाय. अख्खं वर्ष घातलंस," म्हणाला.

"बाजूला हो," जीवन म्हणाला.

मागे सीट नव्हतीच. काळूला उघड्या पत्र्यावर उताणा निजवला, पाय दुमडून. आशा त्याच्या डोक्याशी उकिडवी बसली, एक हात त्याच्या मानेखाली आणि एक हात पाइपाला. जीवनने गाडी नाशिकच्या रस्त्याला लावली आणि सोडली.

त्या रस्त्यावर अशी गाडी कोणी चालवली नसेल. द्राक्षांचे टेम्पो, एसटी, उसाच्या बैलगाड्या, सगळ्यांना त्याने कापत नेलं. वळणाला चाकं किंचाळत. स्प्रिंगा इतक्या कडक होत्या, की रस्त्यावरचा प्रत्येक खड्डा मणक्यात कळे. खोटं कशाला बोलायचं, त्याला मजा आली. मागे माणूस मरणाला टेकलेला, आणि ह्याच्या मनात आलं, की ट्रॅकवर एवढं जमलं नसतं. आज आपली हौस कुणाच्या तरी कामी आली, बापाला सांगू, असंही मनात आलं.

म्हसरूळच्या अलीकडे मागून पत्र्यावर थापा पडायला लागल्या. धडाधड, न थांबता. आवाजात शब्द काही कळेनात. आरशात त्याला आशाचं उघडं तोंड दिसलं, ती ओरडत होती. पहाटे मार्केटला निघताना त्यांच्या पिकअपमध्ये मागे बसलेला माणूस असाच पत्रा बडवी. माल चढला, सोडा गाडी. बाईला धीर धरवत नाही, असं जीवनला वाटलं, आणि त्याने पाय आणखी दाबला. थापा बराच वेळ पडत राहिल्या. मग थांबल्या.

सरकारी दवाखान्याच्या दारात गाडी उभी करून त्याने आधी घड्याळ पाहिलं. हो, आधी घड्याळ. मग उतरला.

तरणा डॉक्टर बाहेर आला तेव्हा त्याच्या हातात आणायच्या औषधांची चिठ्ठी नव्हती, आणि त्यावरूनच कळलं.

"औषधाची बाधा होती, पण त्यातून निघाला असता," तो म्हणाला. "उलटी घशात गेली. श्वास कोंडला. उताणा का आणला? कुशीवर वळवून तोंड साफ करायचं ना. मिनिटभराचं काम."

जीवनने आशाकडे पाहिलं. तिच्या डाव्या हाताची बोटं पत्र्याने सोलवटली होती.

"मी वळवीत होते," ती म्हणाली. "गाडी हालायची, तो पुन्हा उताणा व्हायचा. म्हणून पत्रा बडवला. आमी मजुरीला पिकअपात येतो, कोणाला मळमळलं, कोणाचं पोर सरकलं, की पत्रा बडवतो. डायवर थांबतो." बोटं पदरात धरत म्हणाली, "तुमी नाय थांबले."

त्यात राग नव्हता. राग असता तर जीवनला तो अंगावर घेता आला असता. पाय धरता आले असते, काही तरी करता आलं असतं. ती फक्त झालं ते सांगत होती, जसं डॉक्टरने सांगितलं होतं.

दुसऱ्या दिवशी दुपारी मयत ताब्यात मिळालं. बागेचा मालक आला नाही. जीवन दारात उभाच होता, रात्रभर घरी गेला नव्हता. आशानेच विचारलं, "घरी न्याल का?" आणि गाडीत चढताना म्हणाली, "आता हळू घ्या. घाई नाय."

पेठच्या रस्त्याला त्याने गाडी बैलगाडीच्या चालीने नेली. पण नळी ती नळी. पाय कितीही हलका ठेवला तरी ती गरजत होती, घाटात तर सगळा डोंगर दणाणला. गावोगावी माणसं आवाज ऐकून हसत बाहेर यायची, कोण पाहुणा आला बघायला. आत काय आहे ते दिसलं की तिथेच उभी राहायची. जीवनला वाटलं, गाडी इथेच सोडावी आणि काळूला खांद्यावर घेऊन चालत जावं.

पाड्यावर काळूचा बाप कोंडाजी अंगणात बसला होता. निरोप आधीच पोचला होता. बायका रडत होत्या. म्हातारा उठला, जीवनसमोर आला आणि त्याने हात जोडले. "दादा, लोकं म्हनत्यात तुमी शर्यत सोडून पळवला त्याला. कोण करतो एवढं?"

जीवनने आशाकडे पाहिलं. तिने सांगून टाकावं असं त्याला फार वाटलं. ती काळूच्या डोक्याशी जाऊन बसली. कुणीतरी त्याच्या हातात कोऱ्या चहाचा कप दिला, आणि त्याने तो धरून ठेवला.

म्हातारा सुनेकडे वळला. "जाताना काय बोलला का गं तो?"

"बोलला असंल," आशा म्हणाली. "ओठ हालत होते त्याचे, मामा. मी कान पार तोंडाला लावला. पण गाडीचा आवाज लय होता. मला काय आयकू नाय आलं."