दोरी माझ्याकडे

"आधी टॉवरची ही दोरी कापतो, मग वर चढून तुकडे पाडायला घेतो," असं म्हणत कटरवाल्याने खिशातून चाकू काढला, आणि मी स्वयंपाकघरातून अनवाणीच परसात धावले.

"हात लावायचा नाही त्या दोरीला!"

तो दचकून मागे सरला. त्याच्या शेजारी गॅसचं सिलिंडर उभं होतं आणि सिलिंडरच्या शेजारी कमरेवर हात ठेवून आमचे धाकटे दीर. त्यांच्या मागे चहाचा ट्रे घेऊन माझी जाऊ. म्हणजे सगळं ठरवून आले होते. विचारायचं राहिलं होतं ते फक्त मला.

"वहिनी, तुम्ही आत बसा बरं," दीर म्हणाले. "वादळात वरचा अँटेना फिरलाय, एक दांडी लोंबतेय. उद्या कुणाच्या डोक्यात पडली म्हणजे?"

"ती दुरुस्त करता येते, भाऊजी."

"कोण करणार? दादा होता तोवर ठीक होतं. त्याचा नाद होता, आपण कधी बोललो नाही. आता दादाच नाही, तर हा सांगाडा कशाला हवा?"

माझ्या डोक्यात तिडीक गेली. मास्तर, म्हणजे आमचे हे, गेल्यापासून जो येई तो हेच बोलून जाई. त्यांचा टॉवर, त्यांचा रेडिओ, त्यांची हौस. माणूस गेला की त्याच्याबरोबर बायकोच्या वस्तूही आवरायच्या असतात, असं लोकांनी परस्पर ठरवूनच टाकलेलं असतं.

"तो तुमच्या दादांचा नव्हता," मी म्हणाले. "माझा आहे."

"तसं सगळं तुमचंच आहे हो, वहिनी."

"तसं नाही. माझा म्हणजे माझा. लायसन्स माझं, जगभरच्या लोकांशी बोलायचा रेडिओ माझा, टॉवर मी उभा केलाय. टेलिफोन एक्स्चेंजमध्ये मी नोकरीला होते तेव्हापासूनचं वेड आहे ते."

दीर समजुतीने हसले. लहान मूल हट्टाला पेटलं की मोठी माणसं हसतात, तसे. "अहो, मी काय परका आहे? लहानपणापासून बघतोय ना! टॉवरचं काम निघालं की दादा शिवणकाम सोडून इथे उभा असायचा. इथेच, या दोरीपाशी."

"आणि वर कोण असायचं?"

"वर तुम्ही असायचात. त्याला मदत करायला."

जाऊ ट्रेआडून फिसकन हसली. मला मात्र हसावं की ट्रेमधली कपबशी फेकून मारावी, ते कळेना. घराच्या दुप्पट उंचीवर पट्टा अडकवून, दातात स्क्रू धरून मी लोंबकळायची, ती मदत. आणि खाली उभा असलेला माणूस टॉवरचा मालक! मास्तर बिचारे सगळ्यांना सांगत, "टॉवर बायकोचा, मी नुसता दोरीवाला." शिलाई मशीनवर बसलेला माणूस गंमत करतोय, असं समजून लोक हसत आणि ब्लाउजची मापं देऊन जात.

मी आत जाऊन कमरेचा पट्टा घेतला, पायात बूट चढवले, तंबूच्या कापडाची मास्तरांनी शिवलेली हत्यारांची पिशवी आणि एक नवी दांडी काढली. प्रत्येक पान्याला त्यांनी वेगळा खिसा ठेवला होता. बाहेर आले तर दीर टॉवरच्या पायाशी आडवे उभे.

"या वयात मी तुम्हाला चढू देणार नाही."

"वय माझं आहे. सरका."

"बरं, नियम तरी तुमचाच ना? खाली दोरीला माणूस असल्याशिवाय वर पाऊल टाकायचं नाही. दादा कितीदा सांगायचा. मग दोरी कोण धरणार? मी तर नाही धरणार."

नेमकं वर्मावर बोट ठेवलं त्यांनी. वरच्या कप्पीतून खाली येणारी ती दोरी म्हणजे वरच्या माणसाचा दुसरा हात. पाना हवा, दांडी हवी, ते दोरीनेच वर यायचं. आणि घात झालाच, तर धावायला खाली कुणीतरी हवं. नोकरीत, घरात मी पुष्कळ नियम मोडलेत, पण हा कधी मोडला नाही. वादळापासून रेडिओ गप्प पडला होता तो त्यामुळेच. रोज सकाळी रेडिओवर माझ्याशी बोलणारा तो पियानो दुरुस्त करणारा आंधळा, ती दात काढणारी डॉक्टरीण, बोटीवरचा म्हातारा आचारी, सगळे माझ्या नावाने हाका मारत असतील आणि मी इथे भिंतीकडे बघत बसले होते. मास्तर गेले, त्यावर आता ही माणसंही जाणार होती.

मी कटरवाल्याकडे पाहिलं. त्याने खांदे उडवले. "मी तोडायला आलोय, ताई."

तेवढ्यात मागे ट्रे ठेवल्याचा आवाज झाला. "मी धरते," जाऊ म्हणाली.

"तू?" दीर गर्रकन वळले. "तुला काय येतं त्यातलं?"

"कपडे वाळत घालायची दोरी गच्चीत कोण बांधतं? तुम्ही?" तिने पदर खोचला. "ताई, काय करायचं ते सांगा."

दोरी सोडवायची होती. टॉवरच्या पायाला तिची गाठ मास्तरांनी मारलेली होती, मागच्या वेळचं काम संपल्यावर. मास्तर डावरे. त्यांची गाठ उलट्या अंगाने पडायची. पावसापाण्याने ती आवळून दगड झाली होती. कटरवाल्याने पुन्हा चाकू पुढे केला. मी मान हलवली आणि खाली बसले. ही गाठ त्यांच्या हातची शेवटची होती. वादळानंतर रोज तिच्यापाशी येऊन मी परत फिरत होते, हे काही मी दिरांना सांगितलं नाही. अंगठे दुखून आले, डोळे भरून आले, आणि मग एक पदर सैल झाला. तो ओढला. पुढचं भराभर सुटत गेलं. मी दोरी जावेच्या हातात दिली.

पहिल्या पायरीवर पाय ठेवला आणि तशीच थांबले.

"काय झालं, ताई?"

"दोरी कुणाकडे आहे?"

"माझ्याकडे आहे की! डोळ्यांदेखत तर धरलीये."

"मग तसं म्हण. मास्तर दर वेळी तसं म्हणायचे. ऐकल्याशिवाय माझा पाय उचलत नाही."

ती दोन्ही हातांत दोरी घेऊन सरळ उभी राहिली. मग सगळ्या परसाला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाली, "दोरी माझ्याकडे!"

मी चढले. गुडघे कुरकुरत होते, त्यांना कुरकुरू दिलं. वर वारा होता. फिरलेला अँटेना सरळ करून क्लॅम्प आवळला, लोंबणारी दांडी काढून दोरीने खाली सोडली. जावेने नवी दांडी बांधून पाठवली, पहिल्यांदा उलटी, मग सुलटी. पलीकडच्या घरातल्या कुणीतरी कुंपणावरून विचारलं, "कोण चढलंय हो?" आणि दिरांचा चिडका आवाज वर आला, "वहिनी आहेत. त्यांचाच टॉवर आहे. बघत काय उभे राहिलात, जरा लांब व्हा!"

खाली उतरले तेव्हा कटरवाला नळी गुंडाळत होता. चहा पार गार झाला होता, तो आम्ही तसाच प्यायलो. जाऊ दोरी टॉवरच्या पायाला बांधत होती. कपड्यांच्या दोरीला मारतात तसली, दोन फासांची गाठ.

"चुकलं का हो, ताई? पुन्हा बांधू?"

"राहू दे. पक्की आहे ना?"

"पक्की आहे."

मास्तरांच्या गाठीने दोरीला पडलेला पीळ मात्र सुटला नव्हता. उजव्या हाताच्या गाठीशेजारी तो तसाच डावीकडे वळून राहिला होता.